प्रार्थनेचा शेवट

आमच्या घरीं सायंकाळची प्रार्थना कित्येक वर्षें दोनदां संपत असे. वाचकांस हें कोडें वाटेल, म्हणून त्याचा उलगडा आरंभींच करितों. प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस शिकविलेली प्रार्थना जगांतील बहुतेक ख्रिस्ती माणसांस मुखोद्गत असते. आमच्या घरांतील तीन पिढ्या दिवेलागणीस एकत्र बसून ती म्हणत. वाइटापासून सुटका मागणारी जी शेवटची विनंती, तेथपर्यंत सर्वांचा सूर एक असे. तेथें आमची पत्नी ‘आमेन’ म्हणून थांबे. कारण ती वसईची, कॅथलिक घराण्यांतील. आमची आई मात्र थांबत नसे. राज्य, सामर्थ्य व गौरव हीं सर्वकाळ देवाचींच होत, अशा अर्थाचें जें वाक्य प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रार्थनेच्या अखेरीस म्हणतात, तें ती ठासून म्हणे. आणि मग तिचें ‘आमेन’ येई. आम्ही तिच्या सुरांत सूर मिळवीत असूं. या दोन आमेनांच्या मध्यें फार तर चार-पांच क्षण जात. परंतु तेवढ्या वेळांत घरांत जी एक अवघडलेली शांतता पसरे, तिच्यांत युरोपांतील चार-साडेचार शतकांचें भांडण येऊन बसलें आहे, असें आम्हांस वाटे.

ख्रिस्ती लोकांतील ऐक्य या विषयावर परिषदांचे वृत्तांत, ठराव व ग्रंथ विपुल आहेत. आम्ही धर्मशास्त्राचे पंडित नव्हे. कॉलेजांतील मुलांस इंग्रजी वाङ्मय शिकविणें हा आमचा व्यवसाय. परंतु हा प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलींत एकवीस वर्षें रोज संध्याकाळीं येऊन बसत असे. तेव्हां त्याच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस अगदींच नाहीं असें नाहीं.

पहिली गोष्ट ही कीं, आम्ही अमुक पंथाचे कां, या प्रश्नाचें उत्तर आमच्या श्रद्धेंत सांपडत नाहीं. तें नकाशांत सांपडतें. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ सालीं आले व १८३१ सालीं त्यांनीं अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, ठाणें दिलें. ते काँग्रिगेशनल पंथाचे. म्हणजे बिशप नको, प्रत्येक मंडळीनें आपला कारभार आपण पाहावा, या मताचे. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनीं मुंबई, पुणें व नागपूर या शहरांत शाळा काढल्या. नाशिकच्या बाजूस अँग्लिकन मिशन होतें, तर कोल्हापुरास दुसरें एक अमेरिकन मिशन आलें, तें प्रेस्बिटेरियन. एकाच गांवांत दोन मिशनांनीं चढाओढ करूं नये म्हणून पुढें क्षेत्रें आपसांत वांटून घेण्याची चाल पडली. हेतु स्तुत्य होता. परंतु फळ मोठें चमत्कारिक आलें. आमच्या आजोबांचें गांव नाशिकच्या बाजूस असतें तर आम्ही अँग्लिकन झालों असतों, आणि पंचगंगेच्या कांठीं असतें तर प्रेस्बिटेरियन! मंडळीवर बिशप असावा कीं नसावा, या वादापायीं इंग्लंडांतील माणसें घरदार सोडून अमेरिकेंत परागंदा झालीं, हें खरें. पण नगर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याचा त्या वादाशीं संबंध काय? त्याला येशू ख्रिस्त पाहिजे होता. त्याबरोबर हें भांडणही त्याच्या पदरांत पडलें.

आमच्या पत्नीची कथा याहून निराळी नाहीं. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, आणि त्या अमलांत तिचे पूर्वज ख्रिस्ती झाले. म्हणजे तिचा पंथ लिस्बनच्या गलबतांतून आला व आमचा बॉस्टनच्या मंडळाकडून आला. दोन्ही घरांत मराठीचीच रूपें बोलत, दोन्ही घरांत जेवणास भात-मासळी वा भाकरी-भाजी. आणि तरीही एकमेकांच्या चर्चमध्यें पाऊल टाकतांना दोन्ही घरांतील माणसें बिचकत.

आमचा विवाह १९९७ सालीं झाला. कॅथलिक धर्मसभेच्या नियमाप्रमाणें अशा विवाहास परवानगी लागते. आणि मुलांस कॅथलिक श्रद्धेंत वाढविण्यासाठीं आपल्याकडून होईल तेवढें करूं, असें वचन कॅथलिक पक्षास द्यावें लागतें. तें वचन आमच्या पत्नीनें दिलें व आमच्या आईनें तें मुकाट्यानें ऐकून घेतलें. नातवंडाचा बाप्तिस्मा आपल्या मंडळींत व्हावयाचा नाहीं, हें दुःख तिनें कधीं बोलून दाखविलें नाहीं. पण २००० सालीं मुलगी झाली, तेव्हां तिनें पेटीच्या तळाशीं जपून ठेवलेलें, आमच्या वडिलांच्या व आमच्या बाप्तिस्म्याचें झबलें काढलें, स्वतः धुऊन इस्त्री केलें, आणि वसईस पाठवून दिलें. त्या झबल्यांत जो अर्थ होता, तो पुढें आम्ही वाचलेल्या पुष्कळ ग्रंथांत आम्हांस आढळला नाहीं.

विवाहाच्या वेळची एक गंमत सांगण्याजोगी आहे. कॅथलिक बाजूनें आमचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला, पाहिला व मान्य केला. पाणी व त्रैक्याचें नांव यांनीं झालेला बाप्तिस्मा, तो कोणीही दिलेला असो, ते पुन्हां देत नाहींत. अडचण आली ती आमच्याच बाजूनें. मंडळींतील एक वडीलधारे गृहस्थ घरीं येऊन बसले व सुनेला पुन्हां बाप्तिस्मा द्यावा लागेल, असें म्हणूं लागले. आमचे वडील शाळामास्तर, स्वभावानें मितभाषी. ते एवढेंच म्हणाले, “सत्तर सालीं नागपूरला आपण दोघे बरोबर होतों. तेथें काय करून आलों, तें विसरलांत वाटतें?” गृहस्थ वरमले व चहा घेऊन गेले.

नागपूरला काय झालें होतें, तें येथें सांगितलें पाहिजे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं तेथें ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. अँग्लिकन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट, उत्तर हिंदुस्थानांतील बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट, आणि १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून झालेली युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, अशा सहा मंडळ्यांनीं त्या दिवशीं आपापलें नांव सोडलें. या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. म्हणजे एका ऐक्याला एक्केचाळीस वर्षें लागलीं. दक्षिणेंत हेंच काम २७ सप्टेंबर १९४७ रोजीं मद्रासला ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’च्या रूपानें आधीं झालें होतें; परंतु उत्तरेकडील ऐक्यांत बॅप्टिस्टही असल्यामुळें एक गांठ अधिक अवघड होती. लहान मुलांस बाप्तिस्मा द्यावा, कीं समजत्या वयांतील श्रद्धावंतासच द्यावा? उत्तर असें निघालें कीं, दोन्ही चाली मान्य कराव्या व एकीनें दुसरीस खोटें म्हणूं नये. आमच्या वडिलांचा टोला होता तो या गोष्टीवर.

आमचा जन्मही त्याच वर्षाचा. त्यामुळें वडील ही कथा आम्हांस वारंवार सांगत. पण त्यांच्या तोंडीं ठराव व कलमें कधीं येत नसत. ते सांगत तें हातांचें. निरनिराळ्या मंडळ्यांच्या पाळकांनीं प्रार्थना करून एकमेकांच्या मस्तकांवर हात ठेवले. खरा पाळक कोण, बिशपाच्या हातून दीक्षा घेतलेला कीं दुसरा, हा वाद त्यांनीं सोडविला नाहीं. ज्याच्यांत जें उणें असेल तें देवानें भरून काढावें, अशी प्रार्थना केली, आणि कोणांत काय उणें होतें हें ठरविण्याचें काम देवावरच सोपविलें. तर्कशास्त्रज्ञास हें पळवाट वाटेल. आम्हांस तें तरुणपणीं तसेंच वाटत असे. आतां वाटतें कीं, आपल्या पदरीं कांहीं उणें असूं शकेल असें दोन्ही पक्षांनीं एकाच वेळीं गुडघे टेकून कबूल करणें, ही पळवाट नसून तीच एक खरी वाट आहे.

परंतु चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. अमेरिकन परंपरेची मोठी मेथॉडिस्ट मंडळी अगदीं शेवटच्या घटकेस या ऐक्यांतून बाहेर राहिली. जे आंत आले त्यांच्यांतही पुढें मालमत्तेवरून कज्जे झाले. गुजरातेंतील ब्रदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद तर २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत गेला. सहा पाट्या उतरवून एक पाटी लावली म्हणजे सहा मनें एक होतात, असें नाहीं. ज्या ठिकाणीं लोक एकत्र गुडघे टेकूं लागले होते, तेथें ऐक्य मुरलें. जेथें तें केवळ कागदावरून खालीं उतरलें, तेथें तें कागदासारखेंच फाटलें. हें आमचें निरीक्षण आहे. शास्त्र म्हणून आम्ही तें सांगत नाहीं.

आमच्या स्वतःच्या घरांत आम्हीं जें ऐक्य करूं पाहिलें, तेंही आधीं कागदी स्वरूपाचेंच होतें. विवाहानंतरचीं पहिलीं दोन-तीन वर्षें आम्ही पत्नीशीं वाद घालीत असूं. मरियेचें माहात्म्य, पोपचा अधिकार, श्रद्धेनें तारण कीं सत्कृत्यांनीं, एक विषय वर्ज्य नव्हता. प्राध्यापकाची खोड अशी कीं, वाद जिंकला म्हणजे मनुष्य जिंकला असें त्यास वाटतें. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें लूथरन जागतिक संघ व कॅथलिक धर्मसभा यांनीं नीतिमान् ठरण्याच्या सिद्धान्ताविषयीं संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्या सिद्धान्तावरच सोळाव्या शतकांत फूट पडली होती. आणि आतां मूळ सत्यांविषयीं आमचें एकमत आहे, जुने निषेध आजच्या शिकवणुकीस लागू पडत नाहींत, असें दोन्ही पक्ष म्हणत होते. आम्हीं ती बातमी मोठ्या हौसेनें घरीं आणली व पत्नीस म्हटलें, “घे, आपलें भांडण मिटलें!” ती स्वयंपाकघरांतून म्हणाली, “छान झालें. पण आज मी जपमाळ हातीं घेतली तशा आई उठून बाहेर कां गेल्या, तें विचारलंत का?”

आम्हीं विचारलें नव्हतें. आउग्सबुर्गची वार्ता आम्हांस ठाऊक होती, ओटीवरची नव्हती.

ही ओटीवरची फूट कशानें सांधली जाऊं लागली, तें सांगतों. त्यांत आमचें कर्तृत्व कांहीं नाहीं. एका वर्षीं उपवासकाळांत पत्नीनें आमच्या कपाटांतून फादर थॉमस स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ काढलें व संध्याकाळीं थोडें थोडें मोठ्यानें वाचूं लागली. आईची दृष्टि तेव्हां अधू झाली होती. ती कोपऱ्यांत बसून ऐके. तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं तिनें विचारलें, “कोण गं हा लिहिणारा? आपल्यांतलाच दिसतो.”

स्टीफन्स म्हणजे जेझुइट पंथाचा इंग्रज. ज्या काळीं इंग्लंडांत कॅथलिक उपासना हा गुन्हा होता, त्या काळीं तो देश सोडून निघाला, १५७९ सालीं गोव्यास उतरला आणि तेथील लोकांची भाषा शिकून त्यानें सुमारें अकरा हजार ओव्यांचें पुराण रचलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. देवनागरी आवृत्ति पुण्यास निघाली ती १९५६ सालीं. हें सारें आम्हीं आईस व्याख्यानाच्या थाटांत सांगितलें, आणि शेवटीं म्हटलें, “आपल्यांतला कुठला? तो तर रोमन पाद्री!”

आई क्षणभर गप्प बसली व म्हणाली, “असेना. ओवी तर आपलीच आहे.” मग सुनेकडे वळून, “वाच गं पुढें.”

आम्ही कॉलेजांत वर्षांनुवर्षें छंदःशास्त्र शिकवीत आलों. पण छंद हा दोन माणसांमधील पूल होऊं शकतो, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. पुढें त्या पुलावरून दुतर्फा रहदारी सुरू झाली. आईजवळ ‘उपासना संगीता’चें जुनें, पानें सुटलेलें पुस्तक होतें, त्यांतील रे. नारायण वामन टिळकांचीं पदें तिला पाठ होतीं. पत्नीस टिळक ठाऊक होते ते शाळेंतल्या ‘केवढें हें क्रौर्य’ या कवितेमुळें; फुलामुलांचा हा कवि दर रविवारीं आमच्या मंडळ्यांत गाइला जातो, याची तिला वार्ता नव्हती. ती आईजवळ बसून चाली शिकली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालीं अमेरिकन मिशनमध्यें झाला होता. परंतु त्यांच्या अभंगांना पंथाची भिंत कधीं मानवली नाहीं. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों, असें ते मोकळेपणीं सांगत. १९१७ सालीं तर त्यांनीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावे अशी त्यांची कल्पना होती. दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, ते वारले व दरबाराचें काम अर्धवट राहिलें. पण पदें उरलीं. संस्था मोडतात, गाणीं या घरांतून त्या घरांत जात राहतात.

याच सुमारास आई मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं सुनेला बरोबर नेऊं लागली. त्या दिवशीं जगभर स्त्रियांचा जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षीं एखाद्या देशांतील स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहून देतात, आणि निरनिराळ्या मंडळ्यांतील स्त्रिया एकत्र जमून ती चालवितात. १९२७ सालापासून हा दिवस जगभर पाळला जात आहे. पुरुषांच्या समित्या ऐक्याच्या मसुद्यांवर चर्चा करीत असतां स्त्रिया दरसाल एक दिवस तें करून मोकळ्या होत होत्या, हें आम्हांस लाजेनें नमूद केलें पाहिजे. परत येतांना सासू-सुना त्या देशाविषयीं बोलत येत. पंथाचा विषय निघत नसे.

उलट दिशेनें आईनेंही एक पाऊल टाकलें. नाताळच्या एका मिस्सेस ती आमच्याबरोबर आली. मिस्सेच्या मध्यें शेजाऱ्यास शांतीची खूण देण्याची चाल आहे. आपल्याकडे ती बहुधा नमस्कारानें देतात. आईच्या मंडळींतही ही चाल होतीच. दक्षिण हिंदुस्थानांतील ऐक्य झालेल्या मंडळीनें १९५० सालीं आपली नवी उपासनापद्धति सिद्ध केली, तेव्हां केरळांतील प्राचीन सीरियन परंपरेंतून ही शांतीची खूण घेतली, आणि पुढें इतर देशांतील मंडळ्यांनींही तिचें अनुकरण केलें. आईला हा इतिहास ठाऊक नव्हता. तिला एवढेंच दिसलें कीं, शेजारच्या बांकावरील लुगडें नेसलेली एक वसईकर म्हातारी तिच्याकडे वळून हात जोडीत आहे. तिनेंही हात जोडले. घरीं आल्यावर म्हणाली, “आपल्यासारखंच करतात की!”

येथपर्यंतची कथा गोड आहे. पण एवढ्यावर लेखणी थांबविली तर तो खोटेपणा होईल. कारण एकत्र उपासनेच्या वाटेवर एक ठिकाण असें येतें कीं, तेथें पाय अडखळतोच. आणि तें म्हणजे प्रभूचें मेज. २००९ सालीं आमच्या मुलीचें पहिलें कम्युनियन झालें. पांढरा पोशाख, हातांत मेणबत्ती, चेहऱ्यावर नवलाई. ती आईबरोबर वेदीकडे गेली व परत आली. आम्ही बांकावर बसून होतों. ती आमच्या कानाशीं लागून म्हणाली, “बाबा, तुम्ही का नाही आलात?” तिच्या शेजारीं आमची आई बसली होती, तिनें मान खालीं घातली.

सर्व बाप्तिस्मा झालेल्यांस आम्ही आमच्या मंडळींत प्रभुभोजनास बोलावितों; कॅथलिक धर्मसभा तसें करीत नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, एकत्र भोजन ही ऐक्याची खूण आहे, आणि जें ऐक्य अजून झालें नाहीं त्याची खूण दाखविणें बरें नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशांत या प्रश्नाच्या दोन बाजू मांडल्या आहेत: उपासना ही ऐक्याची साक्ष आहे, म्हणून बहुधा ती एकत्र करतां येत नाहीं, पण ती कृपेचें साधनही आहे, म्हणून कधीं कधीं ती इष्ट ठरते. आम्हांस पहिली बाजू बुद्धीनें समजते, दुसरी बाजू हृदयानें. एका मित्रानें आम्हांस सुचविलें होतें, “रांगेंत उभें राहा, कोण विचारतो?” तें आमच्यानें झालें नाहीं. यजमानानें वाढलें नसतां पानावर जाऊन बसणें हा आपल्याकडील शिष्टाचार नव्हे. आणि दुसरें असें कीं, दुखणें लपविल्यानें तें बरें होत नाहीं. मुलीस आम्हीं सांगितलें, “अजून आम्हां मोठ्या माणसांचें पुरतें जमलेलें नाहीं. तूं आमच्यासाठीं प्रार्थना कर.” ती पुष्कळ दिवस रात्रीं करीत असे.

कोणी म्हणेल, अशा एकत्र उपासनेनें प्रत्येकाची श्रद्धा पातळ होते. पाणी घातलेलें दूध दोन घरांस पुरतें, पण तें दूध राहत नाहीं. ही भीति आम्हीं आमच्या घरांत पारखून पाहिली आहे. आई अखेरपर्यंत नगरचीच राहिली. जपमाळ तिनें हातीं घेतली नाहीं. पत्नीनें ती कधीं सोडली नाहीं. फरक पडला तो इतकाच कीं, पुढें पुढें जपमाळेच्या वेळीं आई उठून जात नसे. डोळे मिटून आपलें एखादें पद मनांत घोळवीत तेथेंच बसे. शेवटच्या भोजनानंतर आपल्या अनुयायांच्या एकीसाठीं प्रभूनें जी प्रार्थना केली, ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायांत आहे. तींत पिता व पुत्र एक आहेत तसे ते एक व्हावे, असें मागितलें आहे. पण पिता पुत्र होत नाहीं व पुत्र पिता होत नाहीं. एकरूपता व ऐक्य हीं दोन निराळीं आहेत, हें त्या एका उपमेंतच सांगून झालें आहे.

आई २०१८ सालीं गेली. अखेरच्या आठवड्यांत आमचे पाळकसाहेब येऊन गेले. पत्नीच्या ओळखीचे फादरही येऊन उशाशीं बसले. शेवटच्या आदल्या संध्याकाळीं नेहमीप्रमाणें आम्ही प्रार्थनेस बसलों. आईचे ओंठ हलत होते. आवाज फुटत नव्हता. वाइटापासून सुटका मागून झाली. तेथें पत्नी थांबावयाची, आणि आईचें वाक्य सुरू व्हावयाचें. आईनें श्वास घेतला, पण शब्द आला नाहीं. आमचाही गळा दाटून आला होता. त्या शांततेंत पत्नीचा आवाज उठला. राज्य, सामर्थ्य, गौरव. तिनें तें वाक्य आईचा हात हातांत धरून, न अडखळतां, शेवटपर्यंत म्हटलें. त्या संध्याकाळीं आमच्या घरांत एकच ‘आमेन’ झालें.

रात्रीं आम्हीं तिला विचारलें, “तूं हें केव्हां पाठ केलंस?” ती आश्चर्यानें आमच्याकडे पाहूं लागली. “पाठ कशाला करायचं? दर रविवारीं मिस्सेत आम्ही म्हणतोच की. मध्ये फादर थोडं बोलतात, एवढंच.”

आम्ही स्तब्ध झालों. वीस वर्षें आम्ही कित्येकदां तिच्याबरोबर मिस्सेस बसलों होतों. कॅथलिक उपासनेच्या १९६९ च्या सुधारणेनंतर प्रभूच्या प्रार्थनेपुढें याजक एक छोटी प्रार्थना म्हणतो, आणि मग सारे लोक तेंच वाक्य म्हणतात. हें आम्हीं शेंकडों वेळां ऐकलें असेल, पण ‘हें आपलें, तें त्यांचें’ अशी कानांची सवय झालेली असल्यामुळें तें आंत शिरलें नव्हतें. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी कीं, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अति प्राचीन हस्तलिखितांत हें वाक्य नाहीं, असें तरुणपणीं आम्हीं आईस मोठ्या ऐटीनें सांगितलें होतें. तें खरेंच आहे. पण तशाच तऱ्हेचा शेवट ‘दिदाखे’ या फार जुन्या ख्रिस्ती ग्रंथांत आहे. म्हणजे पूर्व-पश्चिम, रोम-जिनीव्हा हे भेद निपजण्याच्या कितीतरी आधीं लोक प्रार्थना करतांना तसें म्हणत असत. ज्या वाक्यास आम्ही आमच्या पंथाची सीमारेषा समजत होतों, तें दोन्ही घरांच्या पूर्वजांचें सामाईक धन निघालें!

दर वर्षीं १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठीं प्रार्थनेचा सप्ताह असतो. तो १९०८ सालीं सुरू झाला, आणि १९६८ पासून त्याची उपासना कॅथलिक व इतर मंडळ्या मिळून तयार करितात. आम्ही उभयतां त्यास जातों. २०२५ सालीं नायसियाच्या परिषदेस १७०० वर्षें झालीं. तिनें रचलेल्या मतांगीकाराचें पुढें वाढविलेलें रूप आमच्या दोन्ही चर्चमध्यें म्हटलें जातें. त्याच वर्षीं पूर्वेकडील व पश्चिमेकडील मंडळ्यांचा पुनरुत्थानाचा सण एकाच दिवशीं, २० एप्रिलला, आला. तो पंचांगाचा योगायोग होता, हें आम्ही जाणतों. मेजाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं. रविवारीं मिस्सेंत आम्ही अजून बांकावर बसतों, आणि मुलगी सुटींत घरीं आली म्हणजे परत येतांना आमच्या खांद्यावर हात ठेवते.

परंतु संध्याकाळची प्रार्थना आतां आमच्या घरीं एकदांच संपते. आईची खुर्ची कोपऱ्यांत आहे. तें शेवटचें वाक्य आलें कीं, आमच्या पत्नीचा आवाज थोडा चढतो. तिथें बसलेल्या कोणास ऐकूं जावें असा. आणि आम्हांस वाटतें, ख्रिस्ती लोकांची सारी मोठी फूटही कदाचित् तिनें सांगितली तशीच असेल. शेवट सर्वांचा एकच आहे. मध्यें कोणी तरी थोडें बोलत आहे, एवढेंच.